वाफ गेली कुठे

१

ताई संस्थेच्या फाटकातून आत शिरत होती आणि रुग्णवाहिका बाहेर पडत होती. तिला अंग चोरून भिंतीला चिकटावं लागलं. गाडीच्या मागच्या काचेतून पैलवानाचा चेहरा दिसला, रक्त शोषून घेतल्यासारखा पांढरा. त्यानं काचेवर हात आपटून काहीतरी सांगितलं, पण सायरनमध्ये त्याचा आवाज बुडून गेला.

विभागाच्या इमारतीसमोर माणसं घोळक्यानं उभी होती. हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि नखांवरचा रंग पुसायच्या औषधाला येतो तसा गोडसर, डोक्यात जाणारा वास अंगणापर्यंत पसरला होता. हा वास तिच्या ओळखीचा होता. गेलं वर्षभर ती, पैलवान आणि सरकार असे तिच्या गटातले तिघं याच वासात राहत होते.

"कोण आहे गाडीत?" तिनं रखवालदाराला विचारलं.

"मामा. हॉलमध्ये पडलेले सापडले. डोक्याला खोक पडलीय. शुद्ध नाही."

मामा म्हणजे प्रयोग हॉलचे परिचर. विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या आणि सगळ्यांनी त्यांना मामाच म्हटलं होतं. रासायनिक कारखान्यांची आखणी शिकवणाऱ्या या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक गटाला एका छोट्या कारखान्याचा पूर्ण आराखडा करावा लागे. ताईच्या गटाचा विषय होता वापरलेलं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवायला घेतलेला द्रव, शुद्ध करून परत वापरायचं. कागदावरचा आराखडा खरंच चालतो का हे बघायला त्यांनी हॉलमध्ये पुरुषभर उंचीचा काचेचा स्तंभ उभा केला होता. खाली वाफेनं मिश्रण उकळायचं, सॉल्व्हंटची वाफ वर चढायची, वर थंड पाणी खेळवलेल्या कंडेन्सरमध्ये तिचा पुन्हा द्रव व्हायचा आणि तो रिसीव्हर नावाच्या भांड्यात थेंब थेंब जमायचा. आज एका मोठ्या कारखान्याची माणसं हा स्तंभ चालताना बघायला येणार होती. म्हणून मामा पहाटेच येऊन तो सुरू करणार होते.

पायऱ्यांपाशी सर उभे होते, गटाचे मार्गदर्शक. शर्ट कडक इस्त्रीचा, पायांत चकचकीत बूट, हातात हेल्मेट, चेहरा मात्र पार उतरलेला.

"कंडेन्सरचं पाणी बंद होतं," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिलं. मामा पाणी सोडायला विसरले. वाफेचा द्रव होईना, दाब वाढला आणि रिसीव्हरच्या मानेचा सांधा निसटला. तोंडावर गरम वाफ. चक्कर येऊन ते लोखंडी घोडीवर आदळले."

"मामा विसरले?" ताई म्हणाली. "घरून निघताना गॅस बंद केलाय का, हे तीनदा बघणारा माणूस तो!"

"वय झालं ताई. होतं असं."

तेवढ्यात वरून हाक आली. विभागप्रमुख मॅडम खिडकीत उभ्या होत्या.

"तू वर ये. लगेच."

२

मॅडमच्या टेबलावर चहाचा कप होता आणि त्यावर जाड साय धरली होती. मॅडमनी बसायला सांगितलं, पण ताईला बसवेना. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

मॅडमशिवाय ताई या वर्गात आलीच नसती. ताईनं बरीच वर्षं एका डिझाइन कचेरीत पाइपांची ड्रॉइंग काढली होती. तिनं शिकवलेली पोरं मोठ्या पदवीच्या जोरावर तिच्या डोक्यावर जाऊन बसली, तेव्हा तिनं नोकरी सोडून अर्ज केला. प्रवेश समितीतल्या एकानं विचारलं होतं, या वयात कशाला? मॅडम त्याच्यावर अशा काही तुटून पडल्या होत्या, की तो बैठक संपेपर्यंत गप्प होता. 'ताई' हे नाव वर्गानं पहिल्याच दिवशी ठेवलं. वर्गातली बाकीची पोरं तिच्या धाकट्या भावाहूनही लहान होती.

"संचालकांना संध्याकाळपर्यंत अहवाल हवाय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त हात टेबलावर एका जागी ठरत नव्हते. "सर गटाचे मार्गदर्शक, त्यांनी लिहिलेलं चालणार नाही. तू गटातली असलीस तरी सकाळी इथं नव्हतीस. तुला कारखान्यांची सवय आहे. सगळ्यांशी बोल आणि काय झालं ते मला सांग."

"मामांची चूक निघाली तर?"

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "तर त्यांची नोकरी गेली. निवृत्तीला थोडंच उरलंय. उपचाराचंही संस्था अंगाला लावून घेणार नाही. नियम तसाच आहे."

ताई दाराकडे वळली. मॅडमचा कोरडा आवाज मागून आला. "मामींना मी फोन केलाय. त्या दवाखान्याकडे निघाल्या असतील."

जिन्यात ताईचा फोन थरथरला. नवरा होता.

"अगं, पोरीच्या शाळेत आज पालकांना बोलावलंय. तू जाणार होतीस ना?"

"आज नाही जमणार. तूच जा. मामांना अपघात झालाय."

"कसा?"

"तेच शोधायला लावलंय मला."

"आणि सापडलं तर तुला परवडेल का, याचा विचार केलायस?"

ताईनं फोन बंद केला. नवऱ्याची ही खोड तिला मुळीच आवडत नसे. नको तिथं तो बरोबर बोलायचा.

३

पैलवान दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालत होता. हा मुलगा इतका काडीसारखा होता की वर्गानं त्याला पैलवान म्हणायचं ठरवलं, आणि तोही त्या नावाला ओ देई. संगणकावर अख्खा कारखाना चालवून दाखवणारा, पण पंखा सुरू करताना दोनदा विचार करणारा मुलगा.

"मी मारलं त्यांना ताई," तो दिसताक्षणी म्हणाला.

"जिवंत आहेत ते. नीट सांग."

"मी त्यांच्याबरोबर सुरू करणार होतो. दोघांशिवाय चालवायचं नाही असं आपलंच ठरलेलं. पण मला जागच आली नाही. मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं."

"आत गेलास तेव्हा काय दिसलं? पहिल्यापासून."

"दार ढकललं तर वास. आधी वाटलं, कुणी नाहीच आत. ते स्तंभाच्या मागं पडले होते, मला दिसलेच नाहीत. कण्हत होते, पण पाण्याच्या आवाजात ते ऐकूही आलं नाही. मग पाय दिसला. मी ओरडत बाहेर पळालो, सरकार अंगणात होती, तिला आत पाठवलं आणि रखवालदाराला घेऊन आलो. मग खिडक्या उघडल्या, त्यांना उचललं..."

तो बोलतच राहिला. ताईनं त्याचा दंड धरला.

"थांब. कुठल्या पाण्याचा आवाज?"

"कुठल्या म्हणजे? नेहमीच्या. कंडेन्सरचं पाणी नाही का त्या नरसाळ्यात पडतं, धो धो..."

पैलवानाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

कंडेन्सरमधून बाहेर येणारं पाणी हॉलच्या कोपऱ्यात एका उघड्या नरसाळ्यात पडायचं. पाणी खेळतंय की नाही हे लांबूनही कळावं, म्हणून मुद्दामच उघडं ठेवलेलं. पैलवान आत शिरला तेव्हा ते पडत होतं. आणि सर आत गेले तेव्हा झडप बंद होती.

"मामा विसरले नव्हते," पैलवान पुटपुटला.

"नाही. पाणी नंतर बंद झालं," ताई म्हणाली. "मामा जमिनीवर पडलेले असताना कुणीतरी ती झडप फिरवली."

व्हरांड्याच्या टोकाला एका बाकावर मामी बसल्या होत्या. शेजारी कापडी पिशवी. दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळलेले. ताई जवळ गेली, पण त्यांनी मान वर केली नाही.

"सांगायचे मला, आता हात पूर्वीसारखे राहिले नाहीत," त्या जमिनीकडे बघून म्हणाल्या. "मी म्हटलं, मग सोडा ना नोकरी. ऐकलं नाही माझं."

ताईला काहीतरी बोलायचं होतं. पण हातात अजून अर्धंच सत्य होतं, आणि अर्धं सत्य कुणाच्या ओटीत घालण्यासारखं नव्हतं.

४

पैलवान बाहेर पळाल्यापासून रखवालदाराला घेऊन परत येईपर्यंत हॉलमध्ये एकटी सरकार होती.

सरकार हे नाव त्या मुलीच्या बोलण्यावरून पडलं होतं. ती कुणाला काही सांगायची नाही, फर्मावायची. आराखड्यातलं सुरक्षेचं प्रकरण तिच्याकडे होतं आणि त्यावरून तिनं सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. आता ती वाचनालयाच्या मागच्या कट्ट्यावर बसली होती, ओढणी तोंडाशी धरून.

"मळमळतंय अजून," ती म्हणाली. "रखवालदाराच्या बायकोनं पाणी दिलं, तेही उलटून पडलं. तेव्हापासून इथंच आहे. मला एकटीला राहू दे."

"राहू देते. एवढंच सांग, पाण्याची झडप तू का बंद केलीस?"

सरकारनं मान वर केली. तिला नाही म्हणायचं होतं, ओठ तसे हललेही. मग तिचे डोळे भरून आले.

"मला कळलंच नाही गं ताई! मामा पडलेले, सांध्यातून फस्स फस्स वाफ चाललेली. मला फक्त खालची वाफ बंद करायची होती, उकळणं थांबावं म्हणून. पण रंग दिलाय ना सगळ्याला! पूर्वी वाफेचं चाक लाल होतं, पाण्याचं निळं. आता सगळीच राखाडी. मला काही सुचेना, दोन्ही फिरवली. वाटलं, जे असेल ते बंद होऊ दे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. पण सर बाहेर येऊन म्हणाले, पाणी बंद होतं, मामा विसरले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग माझं धाडसच होईना. सुरक्षेचं प्रकरण माझं, आणि झडपही मीच..." तिनं डोळे पुसले. "मामांनी मला मुलीसारखं वागवलं. आणि मी त्यांच्यावर बालंट येऊ दिलं."

ताई तिच्या शेजारी बसली आणि लगेच उठली. आज बूडच टेकत नव्हतं तिचं.

तिला हायसं वाटायला हवं होतं. झडपेचं कोडं सुटलं होतं, त्यात कुणाचा दुष्टपणाही नव्हता. पण आता वेगळाच प्रश्न उभा राहिला होता. पाणी जर सुरूच होतं, वाफेचा द्रव नीट होत होता, तर सांधा निसटला कशानं?

५

हॉलमधला वास आता बराच निवळला होता. ताईनं रखवालदाराला दारात उभं केलं आणि आत गेली.

रंगाचा वास मात्र अजून होता. पाहुणे येणार म्हणून काल सगळा हॉल रंगवून काढला होता. भिंती, कठडे, नळ, चाकं, सगळं एकाच राखाडी रंगात न्हाऊन निघालं होतं.

या अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात जे शिकवतात तेच तिनं केलं. आत किती माल गेला आणि बाहेर किती आला, याचा मेळ घातला. मिश्रणाच्या टाकीची पातळी बघितली, स्तंभाच्या तळाशी उरलेलं बघितलं, मग रिसीव्हर. रिसीव्हर जवळजवळ काठोकाठ भरलेला होता. पाणी पहिल्यापासून बंद असतं तर त्यात थेंबही जमला नसता. मेळात तूट होती ती फार थोडी, बादलीभरसुद्धा नाही. तेवढंच सॉल्व्हंट निसटलेल्या सांध्यातून मामांच्या अंगावर आलं होतं.

सांध्यातलं गास्केट, गळू नये म्हणून बसवलेली रबरी चकती, जिभेसारखं बाहेर लोंबत होतं. आतून काहीतरी जोरानं रेटल्याशिवाय असं होत नाही. पण रेटणार काय? हा स्तंभ म्हणजे झाकण नसलेलं पातेलंच होतं. रिसीव्हरच्या डोक्यावरून अंगठ्याएवढी एक नळी निघत होती, व्हेंट. आतली हवा बाहेर जावी, दाब चढूच नये, म्हणून कायम उघडी ठेवलेली. पाणी बंद पडलं असतं तरी सगळी वाफ या नळीतून बाहेर मोकळ्यावर गेली असती. सरांचं म्हणणं इथंच कोसळत होतं. पाणी चालू असो की बंद, व्हेंट उघडी असताना इथं दाब चढणं शक्यच नव्हतं.

म्हणजे व्हेंट उघडी नव्हती.

व्हेंट बंद असेल तर रिसीव्हर भरत जाणार, आतली हवा त्याच्या माथ्यावर चेपत जाणार, आणि भांडं भरत आलं की सगळ्यात कच्चा सांधा जाणार. म्हणूनच रिसीव्हर भरलेला होता. आणि मामा तो बदलायला म्हणून नेमके त्या वेळी त्याच्यापाशी वाकलेले असणार.

तिनं नजरेनं नळीचा माग काढला. ती भिंतीला धरून वर चढत होती आणि छताखाली भिंतीतून पलीकडे जात होती.

"अजून इथंच?"

ताई दचकून वळली. दारात सर होते.

"सर, सुरू करताना मार्गदर्शकानं हजर राहायचं असतं. सकाळी तुम्ही कुठं होतात?"

"माझ्या खोलीत. तपासायचे पेपर होते."

"तुमची स्कूटर स्टँडवर नव्हती. मी आत आले तेव्हा हेल्मेट तुमच्या हातात होतं. आणि या बुटांना इथं कधीच कुणी पाहिलेलं नाही."

सरांनी बुटांकडे पाहिलं. मग भिंतीला टेकले. "दुसऱ्या संस्थेत मुलाखत होती. मॅडमना बोललो नव्हतो. पाहुणे यायच्या आत परत येईन असं वाटलं." त्यांचा आवाज खाली गेला. "मी असतो तर मामा एकटे नसते. हे कळतंय मला. पण झडप बंद होती, हे मी खोटं नाही सांगितलं."

"नाही सांगितलंत. पण मला वेगळं विचारायचंय. परत आल्यापासून तुम्ही कुठंकुठं होतात?"

"बाहेरच, आधी पायऱ्यांपाशी, मग फाटकात पाहुण्यांची मनधरणी करत. रखवालदार माझ्याजवळच होता, मामांना बाहेर काढल्यावर इमारतीला त्यानं कुलूप घातलं होतं, मॅडमनी तुम्हाला बोलावलं तेव्हाच उघडलं. आल्या आल्या एकदा फक्त त्याच्याबरोबर हॉलमध्ये डोकावून आलो आणि झडपेचं आणि निसटलेल्या सांध्याचं मॅडमना फोनवर सांगितलं. त्या तेवढ्या वर होत्या. दवाखान्याला फोन करायचे होते, म्हणून खाली यायला तयार नव्हत्या."

ताईनं पुन्हा वर पाहिलं, नळी भिंतीत शिरत होती तिकडे.

"सर, ही व्हेंट पलीकडे कुठं निघते?"

"गच्चीवर. मॅडमच्या खोलीला लागून आहे ना, ती."

६

रंगारी संस्थेच्या मागच्या भिंतीपाशी ब्रश धूत बसला होता. ताई समोर उभी राहिली तसा तो घाईघाईनं उठला.

"वरच्या गच्चीतले नळ तुम्हीच रंगवलेत ना? त्यांच्या तोंडांचं काय केलं होतं?"

"बंद केली होती बाई. रंग आत जायला नको. चिंधीचा बोळा कोंबायचा, वरून प्लॅस्टिक, त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे. उलटं धरलं तरी पडणार नाही असं काम आपलं. आज दुपारी काढणार होतो, पण तुमचा हा गोंधळ झाला. वर सोडतंय कोण?"

"म्हणजे अजून एकही काढलेलं नाही?"

"मी तर नाही काढलं."

"हे कुणाला सांगितलं होतं तुम्ही?"

रंगाऱ्यानं हात पुसले. तो तिच्या चेहऱ्याकडे बघून सावध झाला होता. "सांगितलं होतं की. काल जाताना. बाई, माझ्यावर तर नाही ना येणार काही?"

"कुणाला सांगितलं?"

त्यानं मान वर करून पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे पाहिलं.

ती खिडकी मॅडमची होती. तरीही ताई वर गेली. जिना चढताना तिनं स्वतःशी दहा वेळा हुज्जत घातली. अजून एक गोष्ट बघायची होती. ती बघितल्यावर कदाचित सगळं खोटं ठरेल.

मॅडम खोलीत नव्हत्या. संचालकांकडे गेल्या होत्या. गच्चीचं दार त्यांच्या टेबलामागंच होतं, नुसती कडी लावलेलं. गच्चीला दुसरी वाट नव्हती.

बाहेर ऊन कलत आलं होतं. भिंतीतून पाचसहा नळांची तोंडं बाहेर आली होती, हॉलमधल्या वेगवेगळ्या यंत्रांची. ती सगळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती, चिकटपट्टीचे चार वेढे घालून. रंगाऱ्याचं काम चोख होतं.

फक्त एक तोंड उघडं होतं. त्यांच्या स्तंभाची व्हेंट.

ताईनं जवळ जाऊन बघितलं. नळीवरचा ताजा राखाडी रंग तोंडाच्या चार बोटं अलीकडे सरळ रेघेत थांबला होता. पुढचा पट्टा जुना, गंजका. म्हणजे रंग देताना इथंही वेढे होतेच. आणि ते सकाळी स्तंभ सुरू होण्याआधी निघाले असते तर सांधा निसटलाच नसता.

"प्लॅस्टिक माझ्या पर्समध्ये आहे," मागून आवाज आला.

७

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. चष्म्याशिवाय ताईनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या एकदम कुणाच्यातरी थकलेल्या आत्यासारख्या दिसत होत्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "मेळ नीट घालून सांग. मी ऐकते."

ताईनं सांगितलं. पाण्याचा आवाज, राखाडी चाकं, भरलेला रिसीव्हर, व्हेंट. पैलवान रुग्णवाहिकेत होता. सरकार कट्ट्यावर ओकत होती. सर आणि रखवालदार बाहेर होते. इमारतीला कुलूप होतं आणि आत एकच माणूस होतं. "आणि ज्यानं ते काढलं त्यानं इतकी तोंडं सोडून नेमकं हेच काढलं. म्हणजे सांधा का गेला, हे त्याला कळलेलं होतं. सरांनी फोनवर सांगितल्याबरोबर कळलं असणार. इथं इतकं चटकन दुसऱ्या कुणाला कळलं असतं?"

मॅडम कठड्याला टेकल्या.

"रंगाऱ्यानं मला काल सांगितलं. मी हो म्हटलं आणि मामांना निरोप द्यायचं विसरले. पाहुणे, जेवणाची व्यवस्था, संचालकांचे फोन, त्यात राहून गेलं. विसरले मी ताई, आणि सगळे म्हणाले मामा विसरले." त्यांनी हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. "सर फोनवर सांध्याचं बोलले आणि मला सगळं कळलं. त्यापुढे जे केलं ते मी कुणीतरी दुसरीच असल्यासारखं केलं. हात आपोआप गेले. मग वाटलं, झडप बंद सापडलीच आहे. नाहीतरी मामांची नोकरी संपतच आलीय. काय काय येतं बघ माणसाच्या मनात."

"मग मला कशाला शोधायला लावलंत?" ताईचा आवाज चढला. तिला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलं. "दुसऱ्या कुणालाही सांगायचं होतंत. त्यानं झडपेचं लिहून दिलं असतं आणि संपलं असतं."

"मीही दिवसभर तेच विचारतेय स्वतःला."

खाली अंगणात कुणीतरी दुचाकी सुरू केली.

"तुझ्या प्रबंधावर माझी सही व्हायचीय," मॅडम म्हणाल्या.

ताईनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"धमकी नाही देत. उद्या ती करायला मी या खुर्चीत नसेन. तुला त्रास होईल, नव्या माणसाला सगळं पुन्हा पटवावं लागेल. एवढंच सांगत होते."

मग त्या आत गेल्या, टेबलाशी बसल्या आणि अहवाल स्वतः लिहिला. लिहायला फार वेळ लागला नाही. शिपायाला हाक मारून तो संचालकांकडे पाठवला, पर्समधलं प्लॅस्टिक आणि चिंधीचा बोळा त्याच्याबरोबर दिला आणि उठल्या.

"मामींना सांगायला हवं. तू येशील बरोबर?"

८

दवाखान्यात दिवे लागले होते. पैलवान आणि सरकार व्हरांड्यात शेजारी शेजारी उभे होते. सरकारनं मामींना झडपेचं सांगून टाकलं होतं, हे तिच्या सुजलेल्या डोळ्यांवरून दिसत होतं. मामी त्याच बाकावर होत्या.

डॉक्टर थोड्या वेळापूर्वीच सांगून गेले होते. धोका टळलाय, शुद्ध येतेय, बोलायला दोनतीन दिवस लागतील.

मॅडम मामींसमोर उभ्या राहिल्या. बाकावर मामींची पिशवी होती. मामींनी ती उचलली नाही, म्हणून मॅडम उभ्याच राहिल्या आणि उभ्या उभ्या सगळं बोलल्या. रंगाऱ्याचा निरोप, गच्ची, प्लॅस्टिक. एक अक्षर गाळलं नाही. शेवटी म्हणाल्या, "त्यांची काहीच चूक नव्हती. माझी होती. तसं लिहून दिलंय मी. नोकरीला धक्का लागणार नाही, उपचार संस्था करेल."

मामींनी सगळं ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत.

"सकाळी मला फोन तुम्हीच केला होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ते पाणी सोडायला विसरले, असं तुम्ही म्हणालात."

"हो. म्हणाले मी."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मॅडमचे ओठ हलले. 'हो' ऐकू आलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं.

"मी दिवसभर त्यांच्याशी भांडत होते," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज आत्ता पहिल्यांदा फुटला. "मनातल्या मनात. काचेतून बघत होते आणि म्हणत होते, सांगितलं होतं ना सोडा नोकरी, आता भोगा, मलाही भोगायला लावा. हातसुद्धा लावला नाही मी त्यांना. नर्स म्हणाली, जा, दोन मिनिटं बसा जवळ. मी म्हटलं, नको. एवढा राग आला होता. नळ्या लावून पडलेल्या माणसावर."

मॅडमनी हात पुढं केला आणि तो मधेच थांबला. ताईला वाटलं, त्यांना सावरावं. मग वाटलं, नको. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

नर्सनं दार उघडलं. "जागे झालेत. एकानंच यायचं."

मामी उठल्या. साडीचा पदर नीट केला, तोंडावरून हात फिरवला आणि आत गेल्या. मागं दार अर्धवटच लागलं. काचेतून ताईला दिसलं, मामी पलंगाच्या कडेला टेकल्या, नवऱ्याचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्याकडे वाकून बोलू लागल्या. मामांनी डोळ्यांची उघडझाप केली. मामी बोलतच राहिल्या, कितीतरी वेळ.